नात्याचा रकाना

चेक परत आला, तिसऱ्यांदा.
खडकी बाजारच्या शाखेतली मुलगी काचेआडून म्हणाली,
काका, सही जुळत नाही.

जुळेल कशी.
चौतीस वर्षं लेथवर उभा होतो,
केसाच्या दहाव्या हिश्श्याइतकं पोलाद
कातलं या हातांनी.
मायक्रोमीटर चुकेल, केंजळे चुकणार नाही,
असं फोरमन सगळ्यांदेखत म्हणायचा.
आता कप बशीवर ठेवला
की बशी बोलायला लागते,
आणि सहीतला 'ळ'
कुठल्या कुठे घरंगळत जातो.

त्यांनी एक फॉर्म दिला.
खातं तुमचंच राहील, चालवेल दुसरं कुणी.
विश्वासातल्या माणसाचं नाव घाला.
नावाला वेळ लागला नाही. हेमांगी.
मी सांगितलं, तिनेच लिहिलं.

पुढचा रकाना : खातेदाराशी नाते.

तिथे तिचं पेन थांबलं.
सून होती.
सात वर्षांपूर्वी शिवाजीनगरच्या कोर्टात
ती आणि निशिकांत वेगवेगळ्या जिन्यांनी उतरले,
मी मधल्या मजल्यावर
थर्मास धरून उभा.
निशिकांत आपली रात्र तो त्यांचा दिवस
अशा गावी असतो. फोन करतो, चांगलं बोलतो.
पण नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायचा
तर धायरीहून निघून, स्वारगेटला बस बदलून
ही येते.

साहेब म्हणाले, मुलगी लिहा.
ती म्हणाली, खोटं नको, उद्या कुणी विचारलं तर?
बरं, मग परिचित लिहा.
परिचित!
परिचित आमचा पेपरवाला.
कोर्टाचा कागद हातात पडल्यावरही
माझ्या बायकोला शेवटचे चार महिने
जिने कुशीवर वळवलं,
ती परिचित?
शेवटी 'इतर'वर खूण केली.
'इतर'पुढे एक रेघ होती भरायला.
ती कोरी राहिली.

खरं सांगू,
पैशाची भीती नव्हतीच.
आहे काय त्यात, पेन्शन, दोन ठेवी,
गॅसच्या सबसिडीचे चिल्लर आकडे.
भीती पासबुकाची.
डायरीत माणूस स्वतःला सजवतो,
पासबुकात जमत नाही.

दर महिन्याच्या पाच तारखेला बाराशे.
इंदूबाई ओव्हाळ, दापोडी.

बायकोलाही सांगितलं नव्हतं.
ओव्हाळची त्या रात्री पाळी नव्हती, माझी होती.
मेहुण्याच्या साखरपुड्यासाठी
मी बदलून घेतली.
चकमध्ये राहिलेली किल्ली उडाली.
एवढंच.
चौकशीत माझं नाव कुठेच आलं नाही,
येण्यासारखं काही नव्हतंच.

ट्यूबलाइटखाली बसून
हेमांगी ओळीवर बोट ठेवत खाली खाली आली.
बोट थांबलं. वर गेलं. पान उलटलं.
तिथेही पाच तारीख.
मी पंख्याकडे बघत राहिलो,
पंखा बंद होता.

किती वर्षं पाठवताय?

बावीस.

बावीस वर्षं
बाराशेच?

हो.

अहो, तेलाचा डबा कितीला झालाय,
माहीत आहे का तुम्हाला?

एवढं बोलून उठली,
दुधाखालचा गॅस बारीक केला,
जाताना फॉर्मची झेरॉक्स
फ्रिजवरच्या चुंबकाखाली लावून गेली.
कोण इंदूबाई, विचारलं नाही.
मी सांगणार होतो.
नसतोही सांगितलं कदाचित.

पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला
दुपारी फोन थरथरला, की माझा हात,
आधी कळेना.
चष्मा पुसला, आकडा पुन्हा वाचला.
दोन हजार गेले होते.

त्याच्याखाली तिचा निरोप :
दुपारची गोळी घेतली का.

नव्हती घेतली.